मुल्कीला सर्फिंग शिकायला जायचंय – ऑक्टोबर, आठ दिवस, मी आणि मुलगी

केतकी_पुणे
नमस्कार. जानेवारीत गोव्याला आश्वेमच्या किनाऱ्यावर दोन तासांचा सर्फिंगचा धडा घेतला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये ते. एकदाच, फक्त एकदाच बोर्डावर उभी राहिले, तीनेक सेकंद असेन, पण पायाखालून पाणी ढकलतंय आणि आपण त्याच्यावरून चाललोय हे जे काही वाटलं ना ते मला परत हवंय. वय ४३. टाकीत एक किलोमीटर सलग पोहते, समुद्रात पोहायची सवय नाही. मुलगी १४ ची, ती माझ्यापेक्षा चांगली पोहते. ऑक्टोबरमधे आठ दिवस सुट्टी मिळतेय.
गोवा नकोय. संगीत नको, शॅक नकोत, जेट स्की नकोत. कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्की नावाचं गाव आहे, तिथे नदीकाठी सर्फिंग शिकवतात असं एका मैत्रिणीकडून कळलं. कोणी गेलंय का? ऑक्टोबर बरोबर आहे का? पुण्याहून कसं जायचं, दोघीच आहोत तर सुरक्षित आहे का, आणि आठ दिवसांत खरंच काही येतं का? जे माहीत असेल ते लिहा प्लीज, कितीही लांब चालेल.

नेत्रावतीकाठी
केतकी, मी १९ वर्षं मंगळुरात राहतेय, माहेर सांगलीचं. मुल्की आमच्याकडून उत्तरेला तीसेक किलोमीटर, उडुपीच्या वाटेवर. मंगळूर-उडुपी खासगी बस सतत धावतात, त्यातल्या कुठल्याही बसने हायवेवर उतरता येतं. तुम्ही पनवेलला येऊन मत्स्यगंधा पकडा, दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुल्की स्टेशनवर सोडते, स्टेशनवरून रिक्षा.
गाव म्हणजे एक बाजाररस्ता, हायवेला लागून बप्पनाडूचं दुर्गापरमेश्वरीचं देऊळ (हे बप्प नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने बांधलं अशी कथा इथे सगळे सांगतात, आणि देवळाचा मोठा ढोल अख्ख्या तुळुनाडूत, म्हणजे या तुळू बोलणाऱ्या पट्ट्यात, प्रसिद्ध आहे), मागे नारळाच्या बागा, मग शांभवी नदी आणि पलीकडे वाळूची चिंचोळी पट्टी आणि समुद्र. शांभवी आणि दक्षिणेकडून येणारी नंदिनी एकत्र होऊन समुद्राला मिळतात, त्या मुखाजवळचा किनारा म्हणजे ससिहित्लू. तिथे हॉटेलांची रांग वगैरे काही नाही. संध्याकाळी गावातली माणसं पोरांना घेऊन येतात, एखादा चुरमुरेवाला असतो, अंधार पडला की सामसूम.
सुरक्षित आहे. मी स्वतः मुलीला घेऊन कितीदा गेलेय. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) आणि लेगिंग घाला, उन्हासाठी तसंही तेच लागतं, आणि गावात फिरताना साधे कपडे. लोक तुळू बोलतात, कन्नड येतं, कोंकणी बरेच जण बोलतात, त्यामुळे मराठीत हळूहळू बोललात तर अर्धं काम होतं.

फेसाळ
मी २०१७ पासून जातोय, वर्षातून दोनदा तरी. आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की त्या जागेकडे वेगळ्या नजरेने बघतो माणूस. भारतातला पहिला सर्फ क्लब मुल्कीचा, मंत्रा सर्फ क्लब, २००४ चा. सुरू करणारे जॅक हेबनर, मूळचे अमेरिकेतले, फ्लोरिडाचे, इथे संन्यासी झालेले, त्यांना सगळे सर्फिंग स्वामीच म्हणतात. त्यामुळे तिथे आश्रमाचे नियम आहेत, जेवण शाकाहारी, दारू सिगारेट नाही, पहाटे उठायचं. काहींना ते जड जातं. मला विचाराल तर शिकायला याहून चांगली शिस्त नाही. आता आसपास, वर उडुपीकडे कोडी बेंगरेपर्यंत, आणखी शाळा आहेत, स्थानिक मुलंमुली शिकवतात, त्यातली कितीतरी कोळ्यांच्या घरातली. ससिहित्लूला २०१६ मधे पहिली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग झाली. आणि २०२५ च्या ऑगस्टमधे महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धेत आपल्या रमेश बुदिहाळने कांस्य जिंकलं, मी तेव्हा किनाऱ्यावर होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो.
आता ऑक्टोबर. उत्तम. पावसाळ्यात समुद्र गढूळ, वाऱ्याने विस्कटलेला, एका लाटेवर दुसरी चढलेली, नवख्याचं ते काम नाही. सप्टेंबर अखेरीस वारा पडतो पण लाट थोडी शिल्लक राहते, कमरेएवढी, कधी छातीएवढी. डिसेंबर-जानेवारीत बऱ्याचदा अगदी सपाट. मग मार्च ते मे परत लांबची लाट येते. एप्रिल-मे मधली लाट आपल्याकडे तयारच होत नाही, ती पार दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्याही खालच्या अक्षांशावरच्या वादळांत जन्मते. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट असेल तर तो लाटांचा जथा दिवसाला साधारण हजार किलोमीटर चालतो, म्हणजे आपल्यापर्यंत पोचायला सहा-सात दिवस. इथे आभाळ निरभ्र, झाडाचं पान हलत नाही, आणि समुद्र अचानक उठतो. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस, म्हणजे समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था, त्याचे इशारे देते. जायच्या आठवड्यात त्यांचा अंदाज रोज बघत जा, लाटेची उंची तर बघाच, पण दोन लाटांमधले सेकंद आधी बघा. एक मीटर आणि सहा सेकंद म्हणजे नुसता खळखळाट. एक मीटर आणि तेरा सेकंद म्हणजे ताकद.

शलाका_के
एवढं लांब कशाला पण, आपल्या सिंधुदुर्गात एवढे सुंदर रिकामे किनारे आहेत, तिथे का नाही होत सर्फिंग? खरंच विचारतेय.

भांगाची_भरती
शलाकाताई, मी मालवणचा, घरात तीन पिढ्या मासेमारी. लाट आमच्याकडेही असते हो. तारकर्लीला स्कुबाची सरकारी संस्था आहे, पाण्याखालचं शिक्षण तिथे चांगलं मिळतं, पण लाटेवरचं शिकायला दक्षिणच बरी. शाळेत समुद्रबूड जमीन शिकलो ना आपण, ती मुंबईसमोर खूप रुंद आहे आणि खाली दक्षिणेकडे अरुंद होत जाते. लांबून आलेली लाट उथळावरून जेवढी जास्त चालेल तेवढी तळाला घासून तिची ताकद जाते. शिवाय मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-सुकतीत (सुकती म्हणजे ओहोटी) चार-पाच मीटरचा फरक पडतो, मंगळूरकडे तो दीडेक मीटरच्या आसपास. म्हणजे तिकडे लाट फुटायची जागा दिवसभरात फारशी हलत नाही.
केतकीताई, तुम्हाला दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली वाऱ्याची. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा असतो, मतलई. तो येणाऱ्या लाटेच्या तोंडावर वाहतो, लाट सरळ उभी राहते, गुळगुळीत, काचेसारखी. दहा-अकरा वाजले की खारा वारा सुटतो, समुद्राकडून, तो पाठीमागून लाट ढकलतो आणि ती आधीच कोसळते, सगळा कोलमडलेला फेस. म्हणून शिकायचं ते सहा ते साडेनऊ. उशिरा उठलात तर तो दिवस गेला समजा.
दुसरी नदीच्या मुखाची. सुकती लागली की दोन नद्यांचं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं आणि पावसाळा संपता संपता नद्याही भरलेल्या असतात. त्या वेळी मुखाच्या जवळपास जायचंच नाही, पोहायला कितीही येवो. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीत सगळ्यात कमी फरक, पाणी मवाळ. तुमचे आठ दिवस अष्टमी धरून पडतील असे बघा. आणि दर पावसाळ्यानंतर तिथली वाळू जागा बदलते, त्यामुळे गेल्या वर्षी कोणी सांगितलेलं या वर्षी धरून चालू नका, तिथल्या माणसाला विचारा.

सिडनीकर_अभय
भांगाची_भरती यांना दुजोरा. मी सिडनीला १४ वर्षं आहे, इथे पोरांना शाळेत असतानाच ओढ, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात खेचणारा प्रवाह, ओळखायला शिकवतात. लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद, बिनफेसाचा दिसतोय, नवीन माणसाला वाटतं इथून आत जावं, तीच ओढ. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही, तो तुमचा तराफा आहे. त्याच्यावर पोटावर पडून राहायचं, एक हात वर करायचा, आणि दम असेल तर आडवं, किनाऱ्याला समांतर सरकायचं. ओढ रुंद नसते, बाजूला पडलात की लाटाच तुम्हाला आणून सोडतात.
पाण्यातला शिष्टाचार पण आधीच शिका. लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याने त्याच्या पुढ्यात उठायचं नाही. आणि बोर्ड नेहमी तुमच्या बाजूला धरायचा, तुम्ही आणि लाट यांच्या मधे कधीच नाही, लाट तोच बोर्ड तुमच्या तोंडावर मारते.
जाता जाता, आमच्या इथल्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर हवाईच्या ड्यूक कहानामोकू या सर्फरने डिसेंबर १९१४ मधे पाइन लाकडाचा बोर्ड स्वतः तासून लाटेवर उभं राहून दाखवलं. तो बोर्ड अजून तिथल्या क्लबात जपून ठेवलाय. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ त्याच्यासमोरून हललो नव्हतो, एवढं जड लाकूड आणि त्याच्यावर तो माणूस.

गप्प_किनारा
मला एक वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. अशा जागांची नावं उघड लिहू नयेत. मी वीस वर्षांपूर्वीचं गोकर्ण बघितलंय आणि आत्ताचंही. एक धागा, दोन व्हिडिओ, आणि पाच वर्षांत तिथे पार्किंगचे फलक. केतकीला खाजगी निरोप पाठवला असता तरी चाललं असतं.

नेत्रावतीकाठी
तुमची तळमळ समजते, गोकर्णाचं मलाही वाईट वाटतं. पण ससिहित्लू लपलेलं नाहीये हो, देशभरातले खेळाडू तिथे येऊन स्पर्धा खेळलेत. आणि ती जागा शांत आहे ती काही आपल्यासाठी राखून ठेवलेली नाही. तिथे माणसं राहतात, किनारा धुपतोय, समुद्र दरवर्षी थोडी जमीन घेतो, नारळ उन्मळून पडलेले मी बघितलेत. आधी फक्त मासे होते, आता तिथल्या मुलांना शिकवण्याचे पैसे मिळतात, बायका घरी खोल्या देतात, जेवण करून घालतात. ते पैसे थेट गावात राहतात. म्हणून मला वाटतं नाव सांगावं, पण सोबत कसं वागायचं तेही सांगावं. प्लॅस्टिक परत न्यायचं, ड्रोन उडवायचे नाहीत, घरांच्या अंगणातून चालत जायचं तर विचारून, देवाच्या जागांचे फोटो विचारून. आणि आठ दिवस राहणाऱ्याने गाव बिघडत नाही, दोन तासांसाठी गाडीत गाणी लावून येणाऱ्याने बिघडतं.

गप्प_किनारा
धुपीचं माहीत नव्हतं. पटलं. ड्रोनचा मुद्दा मोठ्या अक्षरात लिहायला हवा.

फेसाळ
आणि एक राहिलं. रापण. तिकडे रंपणी म्हणतात. पहाटे होडीने अर्धगोल जाळं टाकतात आणि मग दोन्ही टोकांनी तीस-चाळीस जण दोर ओढतात. जाळं पाण्यात असेल तेव्हा बोर्ड घेऊन उतरायचं नाही, बोर्डाखालची फिन (कल्ला) दोरात अडकली तर तुमचाही जीव जातो आणि त्यांचंही जाळं फाटतं. ते आधीपासून आहेत. थांबायचं.

केतकी_पुणे
सगळ्यांचे इतके आभार. तारखा भांग बघून ठरवल्या, पंचांग काढून. अष्टमी बरोबर चौथ्या दिवशी येतेय.

केतकी_पुणे
परत आलो मंडळी! गेल्या रविवारी. हात अजून दुखतायत, लिहायला उशीर झाला. लांब लिहितेय.
आम्ही गावातल्याच एका घरी राहिलो, खाली ते लोक, वर दोन खोल्या. रोज साडेपाचला उठायचं, काळा कॉफीचा घोट, आणि होडीने नदी ओलांडून वाळूच्या पट्टीवर. पहाटेचा मतलई वारा पाठीवर लागायचा तेव्हा भांगाची_भरती यांची आठवण यायचीच. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलाने (२२-२३ चा असेल, मला अक्का म्हणायचा) पाऊण तास पाण्यात जाऊच दिलं नाही. वाळूवर बसवलं आणि म्हणाला, बघा आणि सांगा लाट कुठे फुटते, किती लाटा येतात मग किती वेळ शांत. माझ्या मुलीने मोजलं, चार-पाच मोठ्या आणि मग बराच वेळ छोट्या. गोव्यात मला कोणी हे दाखवलंच नव्हतं, तिथे बोर्ड हातात देऊन ढकललं होतं आणि ते तीन सेकंद मिळाले होते. इथे मला कळलं की ते तीन सेकंद त्या माणसाचे होते, त्याने लाट निवडली होती. मला आता स्वतः निवडायची होती.
नऊ फुटी मऊ बोर्ड, पहिले तीन दिवस फक्त फेसात, कमरेएवढ्या पाण्यात. पोटावर पडा, तळवे बरगड्यांपाशी, एका दमात पाय खाली आणा, खाली बघू नका, किनाऱ्यावरच्या नारळाकडे बघा. माझी नजर सारखी पायांकडे जायची आणि जिकडे नजर तिकडे माणूस, धप्प. रोज साठ-सत्तर वेळा पडत असेन. बरगड्यांवर आणि गुडघ्यांच्या आतल्या बाजूला बोर्ड घासून सोलवटलं, खोबरेल तेल लावत होतो रात्री. मुलगी दुसऱ्या दिवशीच उभी राहिली आणि पार वाळूपर्यंत आली. मला तिचा चेहरा लांबून दिसत होता, ती हसत नव्हती, अगदी गंभीर होती, श्वास रोखल्यासारखी. तिला अशी मी कधी बघितलेली नाही.
तिसऱ्या दिवशी एक झालं ते सांगायलाच हवं. नऊ वाजून गेलेले, सुकती लागलेली, आणि मी बोलता बोलता दक्षिणेकडे मुखाच्या बाजूला सरकत गेले, कळलंच नाही. पाय टेकेनात. किनारा लांब जायला लागला. पोटात गोळा आला आणि पहिलं काय मनात आलं तर जोरात पोहायचं, परत. मग अभय यांचं वाक्य आठवलं, बोर्ड हा तराफा आहे. पडून राहिले, हात वर केला. तो मुलगा तिरका वल्हवत आला, दोघं आडवे सरकलो, पाच मिनिटांत फेसात आलो. बाहेर आल्यावर त्याने मला ओरडलं नाही, पण परत वाळूवर बसवलं आणि ते पाणी कुठून जातंय ते बोटाने दाखवलं. शांत, गडद पट्टा, बिनफेसाचा. अगदी तुम्ही लिहिलंय तसा. इथे लिहिलं नसतंत तर मी पोहत सुटले असते आणि दमले असते. अभय, भांगाची_भरती, काय बोलू.
पाचव्या दिवशी, भांगाच्या दुसऱ्या दिवशी, तो म्हणाला आज फेसाच्या मागे जाऊ. लाट फुटण्याआधीची, हिरवी. वीस मिनिटं नुसतं बोर्डावर बसून क्षितिजाकडे बघत होतो. चार लाटा सोडल्या. पाचवी आली तेव्हा मी काही न विचारता वळले आणि वल्हवायला लागले, मागून उचललं गेल्यासारखं झालं, उठले, आणि आवाजच बंद झाला सगळा. फेसात खळखळ असते ना सारखी, हिरव्या लाटेवर काही ऐकूच येत नाही. किती वेळ ते माहीत नाही. मुलगी म्हणते आठ सेकंद.
सहाव्या दिवशी रंपणी लागलेली होती, बरोबर आमच्याच जागेसमोर. सव्वादोन तास थांबलो. शिकवणाऱ्याचे वडील त्यातच होते, त्याने आम्हालाही दोराला लावलं, आणि वाळूत टाच रोवून दोर ओढणं हे बोर्डापेक्षा जड आहे हे सांगते. बांगडे, तारल्या, बरंच काही. त्यातले सहा बांगडे आमच्या घरी आले आणि त्या काकूंनी संध्याकाळी पुळिमुंची (आंबट-तिखट रस्सा) केली, सोबत नीर डोसे. मुडदुशांना तिथे काणे म्हणतात, रव्यात तळलेले, ते रोज खाल्ले तरी चाललं असतं. सकाळी पाण्यातून आल्यावर बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या) आणि गोळीबजे (मैद्याची गोल भजी).
दोन संध्याकाळी परतीचा पाऊस आला, विजा इतक्या की कोणी पाण्याकडे फिरकलं नाही. तेव्हा हायवेवरून बप्पनाडूच्या देवळात जाऊन बसलो. बाकी दुपारी काहीच करायचं नसतं तिथे, झोप, नदी, पुस्तक. ज्यांना 'काहीतरी करायला' हवं असतं त्यांनी जाऊ नये. मला तेच हवं होतं.
ड्रोन एकच दिसला, मंगळूरहून आलेल्या एका ग्रुपचा. घरच्या काकांनी जाऊन शांतपणे सांगितलं, त्यांनी उतरवला.

विनय_नाशिक
वाचताना अंगावर काटा आला. मी ४६, पोहता येतं, पण चष्मा आहे, उणे साडेचार. चष्म्याशिवाय लाट दिसणारच नाही मला. जमेल का? आणि मार्चमधे बरं की परत ऑक्टोबरची वाट बघू?

फेसाळ
विनय, मार्चमधे जा, पहिल्या पंधरवड्यात लाट लहान असते पण स्वच्छ. कॉन्टॅक्ट लेन्स घालून फेसात पडलात तर वाहून जाते, आणि खारं पाणी लेन्सखाली गेलं तर डोळ्याला त्रास होऊ शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या एकदा.

केतकी_पुणे
विनय, आमच्यासोबत हुबळीच्या एक बाई होत्या, त्यांचा नंबर जास्तच होता. त्या नंबरचा पोहण्याचा गॉगल करून आल्या होत्या आणि मागे दोरी बांधून टोपीखाली अडकवलेला. पहिल्या दिवशी दोनदा निसटला, मग पट्टा घट्ट केला आणि राहिला. फेसात शिकताना लांबचं फारसं लागतच नाही, लाट मागून येते ती आवाजाने कळते. हिरव्या लाटेला मात्र दिसायला हवं. गॉगल आत्ताच बनवायला टाका आणि इथल्या टाकीत घालून महिनाभर पोहा, म्हणजे सवय होईल. मुलगी आणि मी मार्चची तिकिटं बघतोय, पंचांग काढून बसलेय. अष्टमीच्या आसपासच्या तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाकते.